‘हे वाचणार कोण?’ हे शेवटी नका विचारू : मराठी प्रकाशकांना नागपूरहून एक खुलं पत्र

प्रकाशक मंडळींनो, नमस्कार.

मी नागपूरचा. भूमी अभिलेख खात्यात ३१ वर्षं भूकरमापक होतो, म्हणजे लोकांच्या शेताच्या अन् प्लॉटच्या हद्दी मोजून द्यायचं काम, आधी प्लेन टेबल घेऊन उन्हातान्हात फिरलो, शेवटी शेवटी ईटीएस म्हणजे मोजणीचं इलेक्ट्रॉनिक मशीन आलं तेही शिकलो. रिटायर झाल्यावर एक पुस्तक लिहिलं. कथा नाही, कविता नाही, आत्मचरित्रही नाही. नागपूर शहरातले नाले आधी कुठून कुठं वाहत होते आणि आता कुठं गेले, याचं पुस्तक. तुमच्यापैकी काही जणांकडे ते हस्तलिखित येऊन गेलं आहे. कोणाचं नाव घेणार नाही, तसा रागही नाही कोणावर. पण तीन ठिकाणी पाठवलं आणि तिन्ही ठिकाणाहून फिरून फिरून एकच वाक्य आलं, "विषय चांगला आहे हो, पण हे वाचणार कोण?"

त्या वाक्यावर मी वर्षभर विचार करून राहिलो. आणि मला असं वाटायला लागलं की प्रश्न बरोबर आहे, फक्त तो विचारायची वेळ चुकते. हा प्रश्न विषय ठरवताना विचारायचा असतो, लेखकाला समोर बसवून, चहा घेता घेता, एक पान लिहिलं नसतं तेव्हा. तुम्ही तो साडेतीनशे पानं टाईप होऊन आल्यावर विचारता, आणि तेव्हा त्याचं उत्तर कोणालाच नको असतं, तेव्हा तो सरळ नकार असतो. म्हणून म्हटलं, माझ्या पुस्तकाचा विषय मला कसा सापडला आणि वाचक कसे सापडले हे तुम्हाला नीट सांगावं, कारण मला वाटते ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

आधीपासून सांगतो. नोकरीत असतानाच मला लिहायची हौस होती आणि मी चार वर्षं 'नागपूरचा इतिहास' या विषयावर टिपणं काढत होतो. गोंड राजा बख्त बुलंद शाहपासून सुरू करायचं, मग भोसले, मग इंग्रज, मग सीपी अँड बेरारची राजधानी, मग आपण महाराष्ट्रात आलो ते, आणि शेवटी मेट्रो. पाच रजिस्टरं भरली. पण लिहायला बसलो की पहिल्या पानाच्या पुढं जाईचना. मला वाटायचं माझ्यातच काही कमी आहे, भाषा नाही आपल्याजवळ. खरं कारण नंतर समजलं. माझ्याकडे माहिती होती पण मला कशाचं उत्तर शोधायचं आहे हेच माहीत नव्हतं. नागपूरचा इतिहास हा विषय एवढा मोठा की त्यात काय घ्यायचं अन् काय सोडायचं हे सांगणारं काहीच नाही, सगळंच महत्त्वाचं वाटते, मग काहीच लिहून होत नाही.

मग २३ सप्टेंबर २०२३ आला. नागपूरच्या माणसाला ही तारीख समजावून सांगावी लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. शुक्रवारची रात्र उलटली अन् भर झोपेत पाऊस सुरू झाला तो थांबेचना, काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वस्त्यांमध्ये शिरली, बर्डीच्या मोरभवन स्टँडवर एसटी अन् शहर बसेस पाण्यात बुडून उभ्या. आमची गल्ली नदीपासून तशी दूर आहे. तरी पहाटे चारला आमच्या अन् शेजारच्या घरात गुडघ्याच्या वर पाणी. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून गाळ काढत होतो तेव्हा शेजारच्या काकू हातातला टोपला खाली ठेवून मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तर मोजणीवाले, सांगा ना, नदी तिकडं अन् पाणी इकडून काऊन आलं?"

मला सांगता आलं नाही. ३१ वर्षं जमीन मोजली अन् आपल्याच दारात पाणी कुठून आलं हे माहीत नाही, हे मला फार लागलं, अजूनही लागते.

आठवडाभरानं जुन्या मौजाचा नकाशा मिळवून पाहिला, इंग्रजांच्या काळातल्या बंदोबस्ताचा, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवला तेव्हाचा. आज जिथं आमची गल्ली आहे बरोबर तिथून एक दुहेरी रेघ गेलेली होती, म्हणजे नाला. नंतरच्या नकाशात ती रेघ अर्धी, त्याच्या नंतरच्यात नाहीच. मधल्या काळात तिथं ले-आउट पडलं, प्लॉट विकले गेले, नाल्याचं नाव कागदावरून गेलं पण जमिनीचा उतार तोच राहिला, आणि त्या रात्री पाणी त्या उतारानं आलं. काकूंना मी नकाशा दाखवला तर त्यांनी बोटानं ती रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा फिरवून पाहिली, काही बोलल्या नाही. त्या दिवशी मला विषय मिळाला. 'नागपूरचा इतिहास' गेला अन् त्याच्या जागी एक प्रश्न आला, पाणी इकडून काऊन आलं? आणि मजा पहा, पाच रजिस्टरांमधलं काय ठेवायचं काय टाकायचं हे मला एका दुपारी कळलं. लावा गावाच्या टेकड्यांकडून नाग नदी कशी निघते, अंबाझरीतून शहरात कशी येते, पुढं पिवळी नदीला मिळून कन्हानकडे कशी जाते, शुक्रवारी तलाव, सोनेगाव, फुटाळा, नाईक तलाव, कोणत्या तलावाचं जास्तीचं पाणी कोणत्या नाल्यानं जायचं, हे सगळं आत आलं. राजांच्या लढाया बाहेर गेल्या.

म्हणजे माझं म्हणणं असं की ललितेतर लिहिणाऱ्यानं विषय नाही निवडायचा, प्रश्न निवडायचा. हे काही मी शोधून काढलेलं नाही. बाबासाहेबांची पुस्तकं पाहा. १९४६ मध्ये आलेल्या पुस्तकाचं मराठीतलं नावच 'शूद्र पूर्वी कोण होते?' आणि १९४८ च्या पुस्तकाचं नाव अस्पृश्य मूळचे कोण अन् ते अस्पृश्य कसे झाले असं विचारणारं. पुस्तकात वेदांपासून स्मृतींपर्यंत आधारांचा डोंगर आहे, पण वाचणारा माणूस त्या डोंगरावर चढतो कारण वर त्याच्या स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर आहे. तो प्रश्न ज्यांचा होता ते लोक कोट्यवधी होते. 'प्राचीन भारतीय समाजरचनेचा अभ्यास' असं नाव ठेवलं असतं तर आतला मजकूर तोच राहिला असता, पण मला नाही वाटत गावागावातल्या माणसानं ते उशाशी ठेवलं असतं.

आणि प्रश्न निवडणं म्हणजे काही प्रश्न सोडून देणंही आलं, ह्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. मला विणकरांवर लिहायची फार इच्छा होती. नागपुरात हलबा कोष्टी समाजाच्या जुन्या वस्त्या आहेत, त्यात मागांचा आवाज दिवसभर चालायचा, दुसरीकडे १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी इथं एम्प्रेस मिल सुरू केली, आता त्या जागेवर मॉल आहे, एवढा मोठा पट. साहित्य भरपूर मिळालं असतं. पण मी आयुष्यात कधी धोटा हातात धरला नाही, मागावर बसलेल्या माणसाची पाठ कुठं दुखते हे मला माहीत नाही. माझ्या ओळखीत एक जण आहे ज्याच्या वडिलांनी मागावरच आयुष्य काढलं, त्याला म्हटलं तू लिही, नकाशे मी काढून देतो. तो लिहून राहिला आहे. दुसरा विषय संत्र्याचा. काटोल-नरखेडकडे मोजणीला जायचो तेव्हा बागवाले सांगायचे, आंबिया बहार असा गेला, मृग बहार तसा गेला, अन् डिंक्यानं झाडं काऊन सुकून राहिली ते कोणी सांगत नाही. प्रश्न खरा आहे, विचारणारे हजारो आहेत, पण उत्तर द्यायला झाडांच्या रोगाचा जाणकार पाहिजे, मी कोण सांगणारा. म्हणून सोडला. एका लेखात मावेल असे विषय पण असतात, ते ओढून ओढून दोनशे पानं करू नये, मी स्वतः एक तसा विषय लेखातच संपवला. लेखकाला हे सांगणारं कोणीतरी पाहिजे असते आणि ते तुम्ही आहात, दुसरं कोण सांगणार?

आता वाचकांचं. पुस्तक अर्धं झालं होतं तेव्हा, २०२४ च्या गणपतीत, आमच्या मंडळानं म्हटलं काका तुम्ही काहीतरी बोला. मी सहा बाय चारचा फ्लेक्स छापून आणला, त्यावर जुना नकाशा अन् त्याच्या वरून आजचे रस्ते लाल रंगात. चाळीस मिनिटांचं भाषण तयार केलं होतं. दहा मिनिटं पण कोणी ऐकलं नाही, सगळे उठून फ्लेक्सपाशी, मोबाईलचे टॉर्च लावून आपापलं घर शोधून राहिले. हे आमचं. हे तुझ्या मामाचं. अरे इथं तर विहीर दाखवली आहे, आमची आजी म्हणायची तीच ही. एक मुलगी नवऱ्याला फोन करून बोलावून घेऊन आली कारण ते दोघं ज्या भागात फ्लॅट बघत होते तो भाग नकाशात होता. त्या रात्री मला समजलं माझा वाचक कोण. जो पुस्तक उघडल्यावर आधी आपली वस्ती शोधेल तो. तोपर्यंत मी प्रकरणं काळाप्रमाणे लावली होती, भोसलेकाळ, इंग्रजकाळ, शहरात ले-आउट पाडणाऱ्या सुधार प्रन्यासचा काळ. घरी आलो अन् सगळं मोडलं. एकेका नाल्याचं एकेक प्रकरण केलं, उगमापासून जिथं मिळतो तिथपर्यंत, अन् शेवटी वस्त्यांच्या नावांची सूची केली अकरा पानांची. म्हणजे वाचक भेटल्यामुळे पुस्तकाचा सांगाडाच बदलला. मी हे मुद्दाम सांगतो कारण तुमच्याकडे वाचक शोधणं हे काम पुस्तक छापून झाल्यावरचं समजतात, प्रकाशन समारंभ, बॅनर, फेसबुकवर पोस्ट. माझ्या अनुभवात तोपर्यंत उशीर झालेला असतो.

त्या सूचीवरून आठवलं. तुमच्यापैकी एका ठिकाणी मला सांगितलं की सूची काढून टाका, पानं वाढतात, कोणी बघत नाही. मंडळी, हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. कादंबरी वाचणारा पहिल्या पानापासून वाचतो. माझ्यासारख्या पुस्तकाचा वाचक मागून सुरू करतो, सूचीतून. मराठीत किती चांगली चांगली अभ्यासाची पुस्तकं बिनसूचीची आहेत, एक संदर्भ परत शोधायचा तर पाचशे पानं चाळा. नकाशे छापता तेही पोस्टाच्या तिकिटाएवढे, त्यावरची अक्षरं भिंगातून पण दिसत नाहीत. एवढा एक खर्च करत जा हो.

शेवटी मी स्वतःच छापलं. ५०० प्रती, इतवारीतल्या एका प्रेसमध्ये, पेन्शनच्या पैशातून. आणि कुठं विकलं गेलं माहीत आहे? सगळ्यात जास्त विकलं सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात. तिथं मी नकाशांच्या झेरॉक्स काढायला जायचो, त्या दुकानदारानं स्वतःहून म्हटलं काका दहा ठेवून जा काउंटरवर. चार दिवसांनी फोन, अजून आणा. वकील घेत होते, त्यांना हद्दीच्या केसमध्ये जुना नाला कुठं होता हे पाहिजे असते. रजिस्ट्री करायला आलेले लोक घेत होते, प्लॉट घ्यायच्या आधी बघावं म्हणून. व्हॅल्युएशनवाले इंजिनिअर घेत होते. एका शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी ३० प्रती नेल्या अन् मुलांना आपापल्या घरापासून सगळ्यात जवळचा नाला शोधून आणायचा प्रोजेक्ट दिला. आठ महिन्यांत ५०० संपल्या, त्यातल्या पुस्तकाच्या दुकानांमधून गेल्या ६२. मी दुकानांना नावं ठेवत नाही, ती टिकली पाहिजेत, तिथंच मी वाढलो. पण माझा वाचक त्या दुकानात जातच नव्हता, तो कोर्टात जात होता, तहसीलमध्ये जात होता, आणि त्याला कोणी विचारलं असतं तुम्ही वाचक आहात का तर त्यानं नाही म्हटलं असतं.

आता तुम्ही म्हणाल हे एका माणसाचं झालं. तर जुनी गोष्ट सांगतो, तीही आमच्या नागपूरचीच. डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतून पीएचडी करून आले आणि मराठीत ज्ञानकोश करायचा म्हणाले. त्या वेळी त्यांना किती जणांनी विचारलं असेल, हे वाचणार कोण. त्यांनी काय केलं, नागपूरला ज्ञानकोश मंडळ नावाची लिमिटेड कंपनी काढली. शेअर विकले, वर्गणीदार जमवले, गावोगाव हिंडले, म्हणजे पुस्तक व्हायच्या आधी पुस्तकाचा वाचक पैसे देऊन उभा केला. काम पुढं पुण्याला गेलं, २३ खंड झाले, त्यातले पहिले ५ नुसते प्रस्तावनेचे. आणि झाल्यावर त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' म्हणून वेगळं पुस्तक लिहून हे सगळं कसं केलं, अडचणी काय आल्या, ते लोकांसमोर मांडलं. शंभर वर्षांपूर्वी, मोबाईल नाही, ऑनलाइन पेमेंट नाही, कुरिअर नाही. आज वर्गणीदार गोळा करणं किती सोपं आहे, एक क्यूआर कोड अन् दोन व्हॉट्सॲप ग्रुप, तरी आपण आधी छापतो अन् मग गिऱ्हाईक पाहतो.

त्याच्याही मागं जा. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. ज्याच्यासाठी लिहिला त्या शेतकऱ्याला वाचताच येत नव्हतं! आजच्या हिशोबानं त्या पुस्तकाला मार्केट शून्य. तर जोतिरावांनी ते गावोगाव लोक जमवून वाचून दाखवलं. ऐकणारा पण वाचकच असतो, हे त्यांनी तेव्हा ओळखलं होतं. मी गणपतीत फ्लेक्स लावला तेव्हा मला हे माहीत नव्हतं, नंतर वाचलं अन् फार बरं वाटलं.

आणि आजचं पाहायचं असेल तर दीक्षाभूमीवर या. मी हे आग्रहानं सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथं धम्मदीक्षा घेतली अन् दिली, तेव्हापासून अशोक विजयादशमीला तिथं लाखो लोक येतात, रेल्वेनं, एसटीनं, ट्रकनं, मिळेल त्यानं. दोन-दोन दिवस उघड्यावर झोपतात. आणि परत जाताना पुस्तकं घेऊन जातात. रस्त्याच्या दोन्ही बाजूनं पुस्तकांचे स्टॉल, अन् त्यावर काय असते तर संविधान, चरित्रं, इतिहास, धम्म, जातीचा प्रश्न, आरक्षणाचा कायदा, स्पर्धा परीक्षा. कादंबऱ्या कमीच. जवळजवळ सगळं ललितेतर! शासनानं १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन-भाषणांचे खंड काढले, जे नागपूरच्याच वसंत मून यांनी संपादित करायला घेतले, एकेक खंड जाडजूड, तरी त्या खंडांसाठी लोक रांगा लावतात. मी मागच्या दसऱ्याला एका स्टॉलवर दिवसभर बसलो होतो, ओळखीच्यानं माझं पुस्तक ठेवलं होतं म्हणून. एक मावशी आल्या, हातात पिशवी, पायात साधी चप्पल, मला म्हणाल्या, "मला वाचता येत नाही जी, नातीला पाहिजे, आठवीत आहे, चांगलं कोणतं ते द्या." मी तीन पुस्तकं समोर ठेवली. त्यांनी विचारलं ह्यात काय सांगितलं आहे, ह्यात काय, ह्यात काय. तिन्हींचं नीट ऐकून घेतलं, मग कमरेची पिशवी सोडून दहा-दहाच्या नोटा मोजून एक घेतलं. एवढ्या काळजीनं पुस्तक निवडताना मी कोणत्याच मोठ्या दुकानात कोणाला पाहिलं नाही. मराठीत गंभीर पुस्तकाला वाचक नाही असं कोणी म्हटलं की मला त्या मावशी डोळ्यासमोर येतात, अन् मग माझा आवाज चढतो, घरचे म्हणतात शांत बसा.

त्या सगळ्या स्टॉलांवर मोठमोठ्या प्रकाशनांची नावं मला फार थोडी दिसली. बहुतेक छोटे छोटे प्रकाशक, स्वतः गठ्ठे वाहून आणणारे. त्यांना आपला वाचक कोण हे विचारावं लागत नाही कारण ते त्याच्याच सोबत राहतात.

तुमच्या अडचणी मला समजत नाहीत असं नाही. स्वतः ५०० छापल्यावर सगळं समजलं, कागदाचा भाव, बाइंडिंग, विक्रेत्याचं कमिशन, न विकलेल्या प्रती परत येतात त्यांचं भाडं. सार्वजनिक ग्रंथालयांचा १९६७ चा कायदा आहे, राज्यात अकरा-बारा हजार ग्रंथालयं आहेत अ ब क ड वर्गातली, त्यांच्या अनुदानावर तुमचं कितीतरी गणित चालते अन् अनुदान आलं नाही की पुस्तकं पडून राहतात. हे खरं आहे. पण ग्रंथालयाच्या खरेदीकडे बघून विषय ठरवायला लागलो की मग तीच तीच थोरांची चरित्रं निघतात, एकाच थोर माणसाची दहा-दहा, आणि माझ्या गल्लीत पाणी काऊन आलं हे कोणीच लिहीत नाही.

तर मला तुमच्याकडून काय पाहिजे ते स्पष्ट सांगतो. लेखकाला विषयाच्या पायरीवर भेटा. इंग्रजीत ललितेतर पुस्तकाचा आधी प्रस्ताव मागतात, दहा-वीस पानांचा, प्रश्न काय, कोणासाठी, आधीच्या पुस्तकांपेक्षा वेगळं काय, एक नमुन्याचं प्रकरण, अन् त्यावरच ठरवतात घ्यायचं का नाही. आपण ती पद्धत आपल्या रीतीनं करू, कागद नको असेल तर तासभर बोला. जमत नसेल तर तेव्हाच नाही म्हणा, माणसाची तीन वर्षं वाचतील. जमत असेल तर थोडे पैसे आधी द्या, फार नाही, नकाशांच्या नकला काढायला अन् एसटीनं हिंडायला लागतात तेवढे. संपादक द्या, शुद्धलेखन तपासणारा नाही, 'हे प्रकरण कशाला आहे' असं विचारणारा. अन् एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, पुस्तक कुठं विकलं गेलं ते लेखकाला सांगा. वर्षाच्या शेवटी आकडा येतो, तो पण आला तर. कोणत्या गावात गेलं, कोणत्या प्रदर्शनात गेलं, कोण घेऊन गेलं हे सांगतच नाही कोणी. माझ्या झेरॉक्सवाल्यानं मला हे सांगितलं, वकील नेऊन राहिले, प्लॉटवाले नेऊन राहिले, आणि त्याच्या त्या एका माहितीवरून मी दुसऱ्या आवृत्तीत मौजानिहाय नकाशे वाढवले. पुढच्या पुस्तकाचा विषय पण मला तिथूनच मिळाला. एक वकील भंडाऱ्याकडचे होते, पुस्तक चाळता चाळता म्हणाले, "आमच्या मामा तलावांचं कोण लिहिणार?"

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजार म्हणजे इंग्रजांच्या काळात गावाचा सारा गोळा करणारे जमीनदार; ती मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली अन् आमच्या नागपूर जिल्ह्यात मिळून असे सहा हजारांच्या वर तलाव आहेत, कोहळी लोकांनी बांधलेले कितीतरी. पाळ कुठं घालायची, पाणी कुठून सोडायचं हे त्या लोकांनी मशीनशिवाय असं साधलं होतं की मी ईटीएस लावून उतार मोजला तरी माझा विश्वास बसेना. त्या तलावाच्या पाण्यावर कोणाचा किती हक्क हे वाजिब-उल-अर्ज अन् निस्तार पत्रकात लिहिलेलं असते, आणि ही कागदं आज गावात फार कमी जणांना वाचता येतात. तिथले ढिवर मासेमारी संस्थेचे लोक मला विचारून राहिले, तलाव आमच्या आज्यानं वापरला, मग आता आमचा हक्क किती? हा प्रश्न आहे पुढच्या पुस्तकाचा. ह्या वेळी मी एक ओळ लिहायच्या आधी सहा गावांत जाऊन बसलो, निस्तार पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं, लोक मध्येच थांबवून सांगत, हे असं नाही, तो पाट इकडून होता. ते सगळं लिहून घेतलं. दोन संस्थांनी तर आत्ताच सांगितलं, पुस्तक आलं की आम्हाला प्रत्येकी ४० प्रती, पैसे आधी घ्या. मी घेतले नाहीत अजून, कारण मला हे पुस्तक ह्या वेळी एकट्यानं छापायचं नाही. मला तुमच्यापैकी कोणीतरी सोबत पाहिजे. माझ्या वयाला गठ्ठे उचलणं आता होत नाही, अन् हे पुस्तक माझ्या ५०० प्रतींपेक्षा पुष्कळ दूर जायला पाहिजे, गडचिरोलीच्या टोकापर्यंत.

म्हणून एक विनंती करतो अन् थांबतो. येत्या दसऱ्याला नागपूरला या. आदल्या दिवशी सकाळीच या म्हणजे दीक्षाभूमीचे स्टॉल लागताना पाहता येतील, लोक यायला सुरुवात झालेली असते. दुपारी माझ्याकडे जेवा, साधं वरण-भात-भाजी, अन् मग त्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊ, तो दुकानदार तुम्हाला कोण काय विकत घेते ते माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. वेळ असला तर दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं भंडाऱ्याकडे निघू, एक तलाव दाखवतो अन् तिथल्या लोकांना भेटवतो. सोबत संपादकाला आणा. पायात बूट असू द्या, पाळीवर चिखल असतो त्या दिवसांत.

तुमचा,
एक निवृत्त भूकरमापक, नागपूर